गावी एकट्या असलेल्या आईसाठी पोलिसांना बोलवायचं ॲप, नेमकं कुठलं घालून देऊ?

डोंबिवली_ते_दाभोळ
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आमचं घर गुहागर तालुक्यात दाभोळ खाडीच्या अंगाला, वाडीत एकूण अकरा घरं, त्यातली सात बंद, गणपती-शिमग्यालाच उघडतात. बाबा गेल्यापासून आई एकटी असते, वय ७१, डोंबिवलीला ये म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर, तुळशीला पाणी कोण घालील.

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाच्या सुमाराला कोणीतरी ओटीवर बॅटरी मारली आणि मग मागच्या पडवीचं दार हलवायला लागले. आईने मला फोन केला. मी शेजारच्या काकांना लावला तर ते वरच्या वाडीत भजनाला आणि फोन घरी चार्जिंगला. शेवटी मी इथूनच ११२ लावला. फोन लगेच उचलला, बाई नीट बोलल्या, हे आधीच सांगते, उगाच कोणाला नावं ठेवायची नाहीत. पण पत्ता सांगताना माझी बोबडी वळली. आमच्या गावाच्या नावाची जिल्ह्यात दोन गावं, वाडीचं नाव नकाशात नाही, आणि "जवळची खूण सांगा" म्हटल्यावर मला सुचेना, कारण मी गेली वीस वर्षं एसटीतून उतरते ते पाय आपोआप घराकडे जातात, खूण कधी बघितलीच नाही!

पुढची गंमत ऐका. पोलिसांनी गाडीतून आईला तीनदा फोन केला आणि आईने तीनही वेळा कट केला, कारण अनोळखी नंबर उचलायचा नाही ही माझीच शिकवण, मागे ते बँकेच्या नावाने फोन येत होते ना. गाडी आली सव्वा तासाने. तोवर जे कोण होते ते पडवीतली तांब्याची घागर घेऊन गेले. पोलिसांनी आगरात फिरून बघितलं, आईला धीर दिला, चहा मात्र घेतला नाही म्हणून आई अजून हळहळते.

तर आता प्रश्न. असं एखादं ॲप आहे का की आईने नुसतं बटण दाबलं की लोकेशन पोलिसांना बरोब्बर जाईल आणि मला पण कळेल? तिच्याकडे माझा जुना स्मार्टफोन आहे पण तो भजनं ऐकायला, बोलायला तिला साधा बटणांचाच फोन लागतो. पैसे भरून घ्यायची पण ॲप्स दिसतात ढीगभर. कोणी वापरलंय का खरोखर, म्हणजे नुसतं डाऊनलोड केलंय असं नाही, संकटात वापरलंय असं?

ॲपवाला_चिपळूण
ताई, सरकारी ॲप आहे, '११२ इंडिया' नावाचं, फुकट. बाकी ढीगभर आहेत त्यांच्या नादी लागू नका, का ते खाली सांगतो.

११२ हा नंबर २०१८ च्या शेवटी हिमाचलात पहिल्यांदा चालू झाला, मग २०१९ मध्ये बऱ्याच राज्यांत, आपल्याकडे २०२१ ला. निर्भया फंडातून पैसा आलेला आहे. पोलीस, फायर, ॲम्ब्युलन्स सगळं एकाच नंबरवर, म्हणजे १००, १०१, १०८ पाठ नसले तरी चालतं (१०८ अजून स्वतंत्र पण लागतो). ॲपमध्ये नाव, घरच्यांचे नंबर भरून ठेवायचे. बटण दाबलं की ११२ ला कॉल लागतो, जीपीएसचं लोकेशन पोलिसांच्या कंट्रोल रूमला जातं आणि घरच्यांना पण मेसेज जातो. बायका आणि मुलांसाठी 'शाउट' म्हणून एक बटण आहे, ते दाबलं की आजूबाजूला नोंदवलेले स्वयंसेवक असतील तर त्यांना पण कळतं. आता तुमच्या वाडीत चार उघडी घरं, तिथे स्वयंसेवक कुठून येणार, पण आहे म्हणून सांगितलं.

आता साधा फोन. हे बऱ्याच लोकांना माहीतच नाही. २०१६ चा केंद्राचा नियम आहे, १ जानेवारी २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाईलला पॅनिक बटण पाहिजे. बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटपट तीनदा. म्हणजे आईच्या साध्या फोनवर ॲपची गरजच नाही, ५ दाबून धरला की कॉल लागायला हवा. फक्त फोन २०१७ च्या आधीचा असेल तर नसणार, आणि ५ वर आधीच कोणाचा स्पीड डायल लावून ठेवला असेल तर तो पण बघा.

पैसेवाली ॲप्स: त्यातलं 'पोलिसांना बोलवा' बटण शेवटी ११२ च फिरवतं किंवा तुमच्याच नातेवाईकांना मेसेज टाकतं. त्यांची काही वेगळी पोलीस गाडी नसते. आणि कृपा करून व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाईल (ॲप थेट टाकायची फाईल) टाकू नका, वाहन चलनच्या नावाने तसल्या फाईली फिरतात, एकदा टाकली की बँक रिकामी. प्ले स्टोअरवरूनच घ्या.

सड्यावरचा
वरचं सगळं बरोबर आहे पण ॲपवाल्या भावा, तू चिपळूणच्या बाजारात बसून बोलतोयस. खाडीकाठी ये एकदा.

आमच्याकडे सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर, रेंजच्या चार दांड्या आणि खाली खलाटीत, सखल भागात, शून्य. घराच्या आत तर विचारूच नका, चिऱ्याच्या भिंती आणि वर माडांची गर्दी. ॲपला नेट लागतं, नेट म्हणजे काय हे आमच्या वाडीत ओट्याच्या दक्षिणेकडच्या खांबाला टेकून उभं राहिलं तर कळतं. आणि लोकेशनचा घोळ सांगतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. घरात जीपीएस नीट पकडत नाही, मग फोन टॉवरवरून अंदाज बांधतो. आता खाडीकाठच्या घराला कुठला टॉवर जोरात लागणार? आपल्या बाजूचा टॉवर डोंगराच्या मागे. पलीकडचा थेट समोर, मध्ये नुसतं पाणी, आड काही नाही. म्हणून फोन पलीकडचा टॉवर धरतो आणि नकाशावरचा पिन पडतो पलीकडच्या दापोली तालुक्यात! मी अलीकडे धोपाव्याच्या अंगाला राहतो आणि ऑनलाईन काही मागवलं की डिलिव्हरीवाला पलीकडच्या दाभोळ धक्क्यावरून फोन करतो, "दादा, मी पोचलो." अरे पोचलास तर पोचलास, आता फेरीबोटीत बस.

दिवसा ठीक आहे, दाभोळ-धोपावे फेरीबोट आहे, दहा-पंधरा मिनिटांचा प्रश्न. रात्री फेरी बंद. मग रस्त्याने खेड-चिपळूणचा वळसा. पोलिसांची गाडी जर त्या पिनावर विसंबून निघाली तर आईला सकाळच्या चहालाच भेटेल.

डोंबिवली_ते_दाभोळ
सड्यावरचा, अहो हसू पण येतंय आणि भीती पण वाटतेय. आमचं अगदी असंच आहे, आईच्या स्मार्टफोनवर हवामान नेहमी दाभोळचं दाखवतं, मला वाटायचं जवळ आहे म्हणून दाखवत असेल.

माजी_ठाणे_अंमलदार
मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो, शेवटची काही वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातच होतो. आतून कसं चालतं ते सांगतो म्हणजे कुठे अडतं ते कळेल.

महाराष्ट्रातून कुठूनही ११२ लावला की तो जिल्ह्याला लागत नाही, राज्याच्या केंद्राला लागतो. ते नवी मुंबईत महापे इथे आहे, दुसरं नागपूरला. तिथे कॉल घेणारी व्यक्ती रत्नागिरीची असेलच असं नाही, तिला तुमची पाखाडी (दगडी पायवाट) आणि साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) काय माहीत? ती माहिती टाईप करते, ती जिल्ह्याच्या कंट्रोलला जाते, तिथून त्या हद्दीतल्या गाडीला. गाडीत टॅबसारखं मशीन असतं, एमडीटी म्हणतात, त्यावर पत्ता आणि तुमचा नंबर येतो. गाडीतले अंमलदार मग फोन करून विचारतात नेमकं कुठे. म्हणून ताई, तुमच्या आईने तो फोन कट केला तिथे निम्मा वेळ गेला. हे मी दोष देत नाही, आमच्या काळात हे रोज व्हायचं, म्हातारी माणसं फोन उचलत नाहीत. त्यांना एवढंच सांगा, मदत मागितली असेल त्या रात्री येईल तो प्रत्येक फोन उचलायचा, बाकी दिवशी नाही उचलला तरी चालेल. ओटीपी कोणी मागितला तर तो पोलीस नाही, इतकं सोपं.

तुम्ही डोंबिवलीतून लावला आणि काम झालं कारण राज्य एक, केंद्र एक. पण पहिलं वाक्य हेच बोलायचं की "मी डोंबिवलीतून बोलतेय, घटना गुहागर तालुक्यात चालू आहे." नाहीतर तुमच्याच फोनचं लोकेशन धरून गाडी तुमच्या बिल्डिंगखाली यायची. तुमचा भाऊ वगैरे बंगळूरला असेल तर त्याने लावलेला ११२ कर्नाटकात लागेल. बाहेरच्या राज्यात असणाऱ्यांनी रत्नागिरी जिल्हा पोलीस कंट्रोलचा आणि आपल्या ठाण्याचा लँडलाईन नंबर एसटीडी कोडसकट सेव्ह करून ठेवावा.

आता पिनाचं. सड्यावरच्या साहेबांचं म्हणणं खरं आहे, हद्द चुकली की ठाणं चुकतं, आणि खाडीच्या दोन काठांना ठाणी वेगळी. उपाय साधा आहे. घरी जाल तेव्हा अंगणात मोकळ्यावर उभ्या राहा, जीपीएस चालू करून दोन मिनिटं थांबा, पिन घ्या आणि तो पिन पत्त्यासकट ठाण्यात आणि बीट अंमलदाराच्या, म्हणजे तुमचा भाग ज्याच्याकडे आहे त्या पोलिसाच्या, फोनवर देऊन ठेवा. दुसरं, तोंडी पत्ता एका वाक्यात पाठ पाहिजे: मुख्य रस्त्यावरचा शेवटचा थांबा कुठला, तिथून डावीकडे की उजवीकडे, गाडी कुठपर्यंत येते आणि पुढे किती चालायचं. हे शेवटचं लोक सांगत नाहीत. कोकणात निम्म्या घरांना गाडी दारात जात नाही.

आणि एक, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांची यादी पोलीस ठाण्यात ठेवायची असते, २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखालचे नियम आहेत. महिन्यातून एकदा भेट द्यावी असंही त्यात आहे. प्रत्यक्षात किती होतं हे मी खात्यात होतो म्हणून मलाच विचारू नका. पण नाव नोंदवलेलं असेल तर निदान रात्री फोन आला की ठाण्यात कोणीतरी म्हणतं, हां ती आजी ना.

केळशीची_बाय
मी दापोलीकडची. सगळे ॲप ॲप करताय म्हणून लिहिते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे दुपारी टॉवर गेले ते गेलेच. लाईट कितीतरी दिवस नव्हती. मोबाईल सगळ्यांच्या हातात आणि एकाचाही उपयोग नाही, माझा नवरा कौलं उडालेल्या घरात मला आणि सासूला सोडून रेंज शोधत सड्यावर चालत गेला, वाटेत सगळी पोफळी आडवी, दोन तासांनी परत आला, रेंज नाहीच. त्या आठवड्यात निरोप माणसांनीच नेले, मोटारसायकलवरून आणि पायी.

म्हणून सांगते, पहिली ओळ शेजारी. पोलीस कितीही चांगले असले तरी येतील तासाने, शेजारी येईल दोन मिनिटांत. आमच्या वाडीत आता ठरलंय, रात्री काही झालं तर देवळातली घंटा वाजवायची किंवा घरात पितळेची थाळी बडवायची, हसू नका, त्याला बॅटरी लागत नाही. आणि पावसाळ्यात पॉवर बँक भरून ठेवायची, ती मुलं रील बघून संपवतात हा वेगळा विषय.

माजी_ठाणे_अंमलदार
बाय, थाळीला माझा विरोध नाही. पण आधी शेजारी आणि मग पोलीस हा क्रम नको. आधी ११२ लावा, मग थाळी वाजवा. गाडी निघायला लागणारा वेळ तेवढा तरी वाचतो. शिवाय हातात कोयता घेऊन धावत आलेला शेजारी आणि पळणारा चोर यांच्यात काय होतं ते मी पंचनाम्यात लिहिलेलं आहे.

केळशीची_बाय
ते खरं. पण फोन लागला तर ना साहेब!

ॲपवाला_चिपळूण
बरं बरं, मी शहरी माणूस, मान्य. पण २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा आम्ही पण माळ्यावरच बसलो होतो, आमच्या पण बाजारात नेट नव्हतं, तेव्हा बाजारात बसून बोलतोय हे जरा जास्त झालं 😀

बाय म्हणतायत त्याला एक मधला मार्ग आहे. बऱ्याच गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा म्हणून चालू आहे, तुमच्या ग्रामपंचायतीत किंवा पोलीस पाटलांना विचारा. त्यात गावातले नंबर आधी नोंदवलेले असतात, एक टोल फ्री नंबर असतो, संकटात त्यावर बोललं की तुमच्याच आवाजातला निरोप गावातल्या सगळ्या फोनवर एकदम कॉल म्हणून जातो. साध्या फोनवर चालतं, नेट नको, ॲप नको. म्हणजे भजनाला गेलेल्या काकांचा फोन घरी असला तरी भजनातल्या बाकी वीस जणांचे खिशात वाजतील. पोलिसांनीच बऱ्याच ठिकाणी हे गावांना करून दिलेलं आहे.

नवीन_सभासद_लांजा
मध्येच विचारतो, ते मध्यंतरी सगळ्यांचे फोन एकदम भोंग्यासारखे वाजले होते आणि स्क्रीनवर इमर्जन्सी अलर्ट असं आलं होतं ते हेच ॲप का? माझी आजी त्या दिवशी देवासमोर जाऊन बसली होती.

ॲपवाला_चिपळूण
नाही हो, ते उलट आहे. ते सरकारकडून तुमच्याकडे येतं, २०२३ मध्ये त्याच्या देशभर चाचण्या झाल्या. पूर, वादळ, दरड यांचा इशारा एका भागातल्या सगळ्या फोनवर टॉवरवरून एकदम टाकतात, त्याला ॲप लागत नाही. तुम्ही त्यावरून मदत मागू शकत नाही. विजेचा इशारा बघायचा असेल तर 'दामिनी' ॲप घ्या, पुण्याच्या हवामान संस्थेचं, ते मात्र आंब्याच्या बागेत काम करणाऱ्यांनी घ्याच. आजीला सांगा देवासमोर बसलात ते चांगलंच केलंत.

झील_मालवणचो
तुमच्या आवशीचा वाचून माका माझी आवस आठवली, ती पण अशीच, पोलिसांक चाय दिल्याबगर सोडूची नाय. बाकीचा मराठीत लिवतंय, नायतर रत्नागिरीवाल्यांक कळाचा नाय.

दोन गोष्टी. एक, आम्ही दर्यावर जाणारे. किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की मोबाईलची रेंज संपते, तिथे ११२ काय आणि ॲप काय. आमच्याकडे वायरलेस असतो, चॅनल १६ वर ओरडायचं, सगळे ऐकतात. इस्रोने बनवलेलं डॅट म्हणून यंत्र आहे, बटण दाबलं की उपग्रहावरून कोस्ट गार्डला जातं, आग, बुडणं, आजारी माणूस असं वेगवेगळं कळवता येतं. जुन्या डॅटमध्ये आपला निरोप गेला की नाही तेच कळायचं नाही, माणूस बटण दाबून आकाशाकडे बघत बसायचा. २०२४ पासून नवीन आलं त्यात उलट उत्तर येतं. हे ज्यांनी कोणी सुधारलं त्याला माझा नमस्कार, कारण बुडणाऱ्याला मदत येतेय एवढं कळलं तरी तो अजून तासभर हात मारतो. किनाऱ्यावर रेंज असेल तर कोस्ट गार्डचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३, हे दोन नंबर होडीच्या फळीवर रंगाने लिहून ठेवा. खाडीत संशयास्पद होडी दिसली तरी १०९३, तुमच्या आईच्या घरासमोर खाडी आहे म्हणून सांगतो.

दुसरी. आमचा मेहुणा सातार्ड्याकडचा, गोव्याच्या हद्दीवर. तिथे फोन कधी महाराष्ट्राचा टॉवर धरतो कधी गोव्याचा. एकदा त्याने अपघातासाठी ११२ लावला तो गोव्यात लागला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, इकडे कळवलं पण, पण मधली दहा मिनिटं गेली ती गेली. म्हणून हद्दीवरच्या लोकांनी आधी राज्य बोला, मग जिल्हा, मग गाव. आपल्याला उलटी सवय, आपण आधी वाडी सांगतो.

सड्यावरचा
मालवणकरांनी बरोबर सांगितलं. आता तीन वेळा पॉवर बटणाचा एक किस्सा सांगतो आणि गप्प बसतो.

शिमग्याला पालखी नाचवायला आमचा एक पोरगा खांद्याखाली शिरला, फोन शर्टाच्या खिशात. पालखी वरखाली, ढोल जोरात, खिशातला फोन दांड्यावर आपटतोय. पालखी सहाणेवर (पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर) बसल्यावर बघतो तर ११२ ला कॉल लागून गेलेला आणि त्यांचे परत तीन मिस्ड कॉल. परत लावला तर तिकडून, "आवाज येत होता, बरेच लोक ओरडत होते, मारामारी चालू आहे का?" पोरगा म्हणाला, "नाही मॅडम, देव नाचतोय." तिकडे दोन सेकंद शांतता. मग त्या बाई म्हणाल्या, "बरं, नमस्कार सांगा देवाला."

तर तात्पर्य नाही, पण चुकून लागला तर कट करून गप्प बसू नका.

माजी_ठाणे_अंमलदार
अगदी. चुकून लागला तर "चुकून लागला, सगळं ठीक आहे" एवढं बोलून ठेवायचं. कट केला तर ते परत लावतात, नाही उचलला तर तिकडे बसलेल्या माणसाच्या मनाला खात्री नसते. मुद्दाम खोटी माहिती देणं हा गुन्हा, चुकून लागणं हा नाही, घाबरायचं कारण नाही. आणि काही फोनमध्ये कंपनीचं स्वतःचं एसओएस पाच वेळा दाबल्यावर चालू होतं, ते वेगळं आणि ११२ चं ॲप वेगळं, दोन्ही एकदम चालू ठेवून गोंधळ करू नका, एकच कुठलं तरी ठेवा.

डोंबिवली_ते_दाभोळ
सगळ्यांचे मनापासून आभार. परवा शनिवार-रविवार जोडून गावी जाऊन आले, काय केलं ते लिहिते म्हणजे दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

स्मार्टफोनवर ११२ इंडिया टाकलं पण ते माझ्या समाधानासाठी, आई त्याला हात लावणार नाही हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं. तिला बटण दाखवलं तर म्हणे, "अगो, ह्यात भजन लावायचा राहून चुकून पोलीस लागतील." साधा फोन २०१९ चा निघाला. ५ वर माझाच स्पीड डायल होता, तो काढून २ वर टाकला आणि मग ५ दाबून धरला, लागला! मी लगेच सांगितलं की आई एकटी असते, बटण चालतं का ते बघत होतो, सगळं ठीक आहे. ते म्हणाले ठीक आहे, पण पुन्हा पुन्हा करू नका, दुसऱ्या कोणाला गरज असेल. लाजच वाटली जरा.

अंगणात उभं राहून पिन घेतला. ओटीवरून घेतलेला पिन आणि अंगणातला पिन, दोन्ही ठेवून बघितले, ओटीवरचा खरोखर खाडीच्या पाण्यात पडत होता, घर जणू होडीवर आहे! अंगणातला बरोबर घरावर. तो ठाण्यात जाऊन दिला, तिथल्या बाई अंमलदारांनी वहीत नाव लिहून घेतलं, बीटच्या साहेबांचा नंबर दिला. आईच्या फोनमध्ये तो 'पोलीस चहा' नावाने सेव्ह केलाय, तिनेच सांगितलं तसं कर म्हणून, म्हणजे ते नाव स्क्रीनवर दिसलं की ती उचलेल.

ग्राम सुरक्षा यंत्रणेचं पोलीस पाटलांना विचारलं. आमच्या गावात नोंदणी अर्धीच झालीये, चाकरमान्यांचे नंबर आहेत आणि गावात राहणाऱ्यांचेच नाहीत, काय म्हणावं. गणपतीत सगळे जमले की पूर्ण करू म्हणाले.

आणि पत्त्याचं वाक्य मी आणि आईने बसून तयार केलं, पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून फोनच्या वर भिंतीला लावलं. इथे पण टाकते, काही सुधारणा असेल तर सांगा (गावाचं नाव मुद्दाम काढलंय): "जिल्हा रत्नागिरी, तालुका गुहागर, गाव अमुक, खाडीकडची वाडी. मराठी शाळेच्या एसटी थांब्यावरून उजवीकडे खाली उतरायचं, मोठ्या आंब्यापर्यंत गाडी येते, तिथून पाखाडीने पन्नास पावलं, पहिलं कौलारू घर."

माजी_ठाणे_अंमलदार
उत्तम. गाडी कुठपर्यंत येते ते लिहिलंत हे फार चांगलं. "अंगणात लाईट लावून ठेवते" हे पण जोडा, रात्री तीच खूण सर्वात लांबून दिसते. लाईट असेल तर.

सड्यावरचा
ताई एक शंका. मराठी शाळेच्या थांब्याखालचा मोठा आंबा म्हणजे तोच ना, जो गेल्या की त्याच्या आधीच्या पावसात पडला? मी त्या वाटेने गेलोय, तिथे नुसता बुंधा आहे.

डोंबिवली_ते_दाभोळ
अरे देवा. आईला आत्ताच फोन केला. म्हणते, "हो पडलाय, पण सगळे आंब्याकडेच म्हणतात ना." पुठ्ठा बदलायला सांगितलाय. आता ती म्हणतेय, बुंध्याला लाल रंग लावून घेते.